राणीची बाग सगळ्यांनी बघायची

आम्ही कोपरहून बोलतोय. आमच्या एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला डोंबिवलीच्या इमारती. मधल्या वस्तीत आमचा बारा जणींचा बचत गट. आज आम्ही कर्ज, परतफेड, मसाला, पापड यातलं काहीच सांगणार नाही. आज सांगणार आहोत सहलीबद्दल. मुंबईत भायखळ्याला जी राणीची बाग आहे, तिथे घरच्यांना घेऊन कसं जायचं, काय बघायचं आणि मुख्य म्हणजे ते घरातल्या बाईलाही बघायला कसं मिळेल, ते सांगणार आहोत.

तुम्ही म्हणाल, सहलीत काय सांगण्यासारखं? डबे भरले, गाडीत बसलो, फिरून आलो. आम्हालाही असंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पहिल्यांदा राणीच्या बागेत गेलो, तेव्हा असंच केलं होतं. पहाटे साडेतीनला उठून पुऱ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, पाण्याच्या बाटल्या भरल्या, चादरी घेतल्या, लहान मुलांचे जास्तीचे कपडे घेतले. बागेत पोचल्यावर एवढं ओझं घेऊन फिरणार कसं? मग एका झाडाखालच्या बाकावर सगळ्या पिशव्या ठेवल्या आणि गटातल्या एका काकूंना म्हटलं, "काकू, तुम्ही जरा बसता का इथे? आम्ही पटकन येतो." काकू बसल्या. आम्ही आलो ते अडीच तासांनी.

पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत आम्ही लिहिलं, "गटाची सहल आनंदात पार पडली." वही सहीसाठी फिरत फिरत काकूंकडे गेली. काकूंनी वाचलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मी काय बघितलं तेही लिहा की. मी अकरा पिशव्या बघितल्या."

कुणी हसलं नाही. काकूंनी ओरडून सांगितलं नव्हतं, रागावूनही नाही. पण त्यांना त्या बाकावर घरच्या कुणी बसवलं नव्हतं, आम्हीच बसवलं होतं. बायकांच्या गटानं, बायकांनी. मग त्या दिवशी बाकीचा विषय बाजूला ठेवून एकेकीला विचारलं की तू काय काय बघितलंस. एकीनं पेंग्विन बघितलाच नव्हता, कारण तिचं बाळ झोपलं होतं. एक जण सासूबाईंना धरून प्रसाधनगृह शोधत राहिली. एक जण म्हणाली, "मी मुलाकडेच बघत होते, वाघाकडे कुठे बघू?" सहल झाली होती, पण बारापैकी सहा-सात जणींची झालीच नव्हती.

तेव्हा ठरलं की परत जायचं, आणि नीट ठरवून जायचं. यंदा जानेवारीत आम्ही गेलो. ते कसं केलं ते आता क्रमानं ऐका.

पहिली गोष्ट पैशांची. काही जणी म्हणाल्या, गटाच्या बचतीतून खर्च करू. आम्ही नाही म्हटलं. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशोब ही आपली पंचसूत्री तुम्हाला पाठ आहे. बचतीचा पैसा कर्जासाठी असतो. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची फी भरायची असली, तर तो हाताशी हवा. सहलीसाठी त्याला हात लावला, तर उद्या कुणी विचारलं की सगळ्यांचा पैसा फिरायला का वापरला, त्याला उत्तर नाही. म्हणून आम्ही वेगळा डबा केला, वहीत त्याचं वेगळं पान केलं. प्रत्येकीनं आठवड्याला वीस रुपये टाकायचे. वीस आठवड्यांत प्रत्येकीचे चारशे रुपये झाले. कर्ज काढून सहल करायची नाही, आणि चारशेच्या वर जायचं नाही, असे दोन नियम केले.

दुसरी गोष्ट दिवसाची. आम्ही आधी बुधवार धरला होता. मग कळलं की बाग बुधवारी बंद असते. देशातल्या प्रत्येक मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस बंद ठेवावा लागतो. त्या दिवशी प्राण्यांना गर्दीपासून विश्रांती मिळते, साफसफाई आणि दुरुस्ती होते. आपण आठवड्याचे सातही दिवस राबतो, त्यामुळे हा नियम ऐकून आमच्यातली एक वहिनी म्हणाली, "चला, वाघाला तरी सुट्टी आहे." कधी बुधवारी सणाची सुट्टी आली तर बाग उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करून निघा.

रविवारही आम्ही टाळला. एक तर गर्दी फार, दुसरं म्हणजे मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन ठाण्याला गाडी बदलण्यापेक्षा शनिवार बरा. जानेवारी यासाठी निवडला की भाताची कामं उरकलेली असतात, पापडाचा हंगाम सुरू व्हायचा असतो आणि ऊनही मवाळ असतं. उन्हाळ्यात दुपारी जनावरंसुद्धा सावलीत पडून असतात, मग मुलं म्हणतात की वाघ दिसलाच नाही.

तिसरी गोष्ट गाडीची. कोपरला फक्त धीमी लोकल थांबते. सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल धरली की गाडी न बदलता थेट भायखळ्याला उतरता येतं. सव्वा तासाच्या आसपास लागतो. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या मैत्रिणींनी कल्याणवरून जलद गाडी धरली तर बहुतेक जलद गाड्याही भायखळ्याला थांबतात, पण चढण्याआधी फलक बघून खात्री करा. पाच वर्षांखालच्या मुलांना रेल्वेचं तिकीट नसतं, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं असतं. सकाळच्या गर्दीत मुलांना घेऊन चढणं धोक्याचं, म्हणून नोकरीवाल्यांची गर्दी ओसरल्यावर, नऊच्या सुमाराला आम्ही निघालो. साडेदहाला भायखळा. पूर्वेकडे बाहेर पडलं की दहा मिनिटांच्या चालीवर बाग.

या रेल्वेचीही एक गोष्ट मुलांना सांगा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत देशातली पहिली प्रवासी गाडी धावली. ती गाडी याच भायखळ्यावरून आपल्या ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. म्हणजे आपण ज्या वाटेनं बागेला जातो, ती वाट बागेपेक्षाही जुनी आहे.

चौथी गोष्ट तिकिटाची. आम्ही गेलो तेव्हा मोठ्या माणसाला ५० रुपये आणि तीन ते पंधरा वर्षांच्या मुलाला २५ रुपये तिकीट होतं. पण आई, वडील आणि दोन मुलं असं चौघांचं कुटुंब असेल तर सगळ्यांचं मिळून १०० रुपये. आता हिशोब बघा. सुटी तिकिटं काढली तर चौघांचे दीडशे होतात, कुटुंबाचं तिकीट काढलं तर शंभर. पहिल्या सहलीत आम्हाला हे माहीत नव्हतं. सगळ्या बायका एका रांगेत आणि पुरुष दुसऱ्या रांगेत उभे राहिलो, सुटी तिकिटं काढली आणि घरटी पन्नास रुपये जास्त गेले. ज्येष्ठ नागरिकांना तिकीट नव्हतं, म्हणून आजी-आजोबांचं आधार कार्ड जवळ ठेवा. दर बदलू शकतात, खिडकीवरचा फलक आधी वाचा. तिकीट खिडकी बाग बंद होण्याच्या बरीच आधी बंद होते, त्यामुळे दुपारी उशिरा पोचू नका.

आमच्या चौघांच्या घराचा हिशोब असा झाला. बागेचं तिकीट १००, रेल्वेचं जाऊन येऊन ९० च्या आसपास, चहा, सरबत आणि शेंगदाणे १००. उरलेले शंभरेक रुपये अडीअडचणीला. चारशेत सहल बसली.

आता पाचवी आणि खरी गोष्ट, पिशव्यांची.

आम्ही बैठकीत ठरवलं की पहाटे उठून पुऱ्या लाटायच्या नाहीत. प्रत्येक घराचा एकच डबा, त्यात चटणी-चपाती किंवा आदल्या रात्री केलेले तिखट-मिठाचे ठेपले. तो डबा घरातल्या मोठ्या माणसानं भरायचा, मग तो बाप्या असो की बाई. पाण्याची बाटली ज्याची त्यानं उचलायची, सहा वर्षांच्या पोरानंसुद्धा. प्लास्टिकच्या पिशव्या न्यायच्या नाहीत. डबा आत कुठे बसून खाता येईल ते दारावर आधी विचारायचं, आणि जनावरांच्या जवळ खाणं उघडायचं नाही. चादरी नाहीत, जास्तीचे कपडे फक्त तान्ह्या बाळांचे.

आणि एक तक्ता केला. कागदावर तास लिहिले, त्यापुढे नावं लिहिली. साडेदहा ते साडेअकरा या घरचे बाबा मुलांकडे बघतील. साडेअकरा ते साडेबारा त्या घरचे काका. पुढचा तास बायकांचा. शेवटचा तास पुन्हा पुरुषांचा. म्हाताऱ्या माणसांजवळ कोण बसेल, तेही लिहिलं. हा तक्ता निघायच्या आधी प्रत्येक घरी वाचून दाखवला.

सगळ्यांना तो लगेच पटला असं नाही. एका घरी मालक म्हणाले, "आम्ही काय पोरं सांभाळायला मुंबईला येऊ?" त्यांच्या आईच आत बसून पोळ्या करत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "मग ती काय पोरं सांभाळायला मुंबईला येणार? पोरं तर ती इथेही सांभाळते." पुढे वाद झाला नाही. नाव तक्त्यात राहिलं.

आता बागेत काय बघायचं ते सांगतो. तिथे गेल्यावर आधी वाघ, मग पेंग्विन आणि मग घर, असं करू नका. ही बाग त्रेपन्न एकरांच्या आसपास आहे आणि ती मुळात प्राण्यांसाठी झालेलीच नाही. शेती आणि बागायतीचं काम करणाऱ्या एका मंडळानं ती झाडांसाठी उभी केली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी तिचं उद्घाटन झालं, तेही एका बाईच्या हातून. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांनी ती उघडली. नाव ठेवलं व्हिक्टोरिया राणीचं, म्हणून आपल्या लोकांच्या तोंडी ती राणीची बाग झाली. १८७३ साली ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. आज तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आणि प्राणिसंग्रहालय आहे. मुलांना हे जरूर सांगा. एका राणीचं नाव जाऊन शिवरायांच्या आईचं नाव आलं, पण लोकांच्या बोलण्यात ती अजून राणीचीच बाग आहे.

आपण शेतातल्या बायका, झाडांना ओळखणाऱ्या. तिथे गोरखचिंच बघा. ते मूळचं आफ्रिकेतलं झाड, बुंधा असा फुगीर की चार माणसांच्या कवेत येणार नाही, कारण ते त्यात पाणी साठवून ठेवतं. कैलासपती बघा. त्याचं फूल उघडून पाहिलं तर शिवलिंगावर नागानं फणा धरल्यासारखं दिसतं आणि फळ तोफेच्या गोळ्याएवढं असतं. त्याच्याखाली मात्र उभं राहू नका. उर्वशी नावाचं ब्रह्मदेशाकडचं झाड आहे, त्याला लाल फुलांचे घोस लोंबतात. आमच्यातल्या आजी म्हणाल्या, "ही बाग म्हणजे झाडांचंच माहेर आहे." फुलं तोडू नका, फांद्या ओढू नका.

या झाडांसाठी बायका लढल्या आहेत, ही गोष्ट आपल्या गटांनी लक्षात ठेवावी. २००७ च्या सुमाराला बागेचा चेहराच बदलून टाकणारा एक मोठा आराखडा पुढे आला. तेव्हा मुंबईतल्या काही स्त्रिया एकत्र आल्या. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, लोकांना बागेत नेऊन एकेक झाड दाखवलं आणि म्हटलं की हे जपा. त्यात कुणी पुढारी नव्हत्या. रोज बागेत येणाऱ्या, झाडांवर माया असणाऱ्या बायका होत्या. तो मूळचा आराखडा तसाच पुढे गेला नाही. मोजून, लिहून ठेवलेल्या गोष्टीला किती वजन असतं, ते आपल्याला वहीमुळे माहीतच आहे.

बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी उघडलं. त्याचं तिकीट वेगळं असतं आणि तेही बुधवारी बंद असतं. भाऊ दाजी हे डॉक्टर होते, संस्कृतचे अभ्यासक होते आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूनं उभे राहणाऱ्यांपैकी एक होते. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं. त्या काळचे कारागीर, विणकर, कोळी, बैलगाड्या यांच्या छोट्या मातीच्या प्रतिकृती तिथे आहेत. मुलं तिथून हलत नाहीत.

संग्रहालयाच्या आवारात दगडाचा एक मोठा हत्ती उभा आहे. तो मुळात आपल्या समुद्रातल्या घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी हा हत्ती बघून बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. पुढे १८६४ मध्ये इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणून ठेवले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आमच्या घरातल्या एका मुलीनं हे ऐकून विचारलं, "मग तो घरी का नाही गेला?" उत्तर आमच्याकडे नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. मुंबईत ज्याच्यावरून काळा घोडा हे नाव पडलं, तो घोड्यावरच्या राजाचा पुतळाही १९६५ साली या बागेत आणून ठेवला आहे.

आता प्राणी. आमच्या सासूबाईंच्या वेळी मुलांना हत्तीवर बसवून फिरवायचे आणि लोक पिंजऱ्यात शेंगदाणे टाकायचे. आता तसं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि त्यात प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खाऊ घालणं, आरडाओरडा करून त्रास देणं आणि कचरा टाकणं या सगळ्याला मनाई आहे. १९९२ पासून देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांवर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची देखरेख आहे. खाऊ का घालायचा नाही, ते मुलांना नीट समजावून सांगा. माकडाला वेफर्स दिले तर ते खातं, पण त्याचं पोट बिघडतं. हरणाच्या पोटात प्लास्टिकची पिशवी गेली तर ते मरतं. आपल्या गाईच्या पोटातून पिशव्या निघालेल्या आपण बघितल्या आहेत. तीच गोष्ट इथे.

बऱ्याच ठिकाणी आता गजांऐवजी मोठ्या काचा लावल्या आहेत. काचेवर थापट्या मारायच्या नाहीत. काचेच्या आत त्याचा आवाज कसा लागत असेल, ते घरी मुलाला पातेल्याखाली डोकं घालून वर चमचा वाजवून दाखवा. आमच्या पोरांना ते असं कळलं.

२०२० साली संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून वाघांची एक जोडी इथे आणली. बिबट्या, अस्वल, तरस, कोल्हा, पाणघोडा, मगर आणि हरणांचे प्रकार इथे ठेवले जातात, आणि पक्ष्यांच्या मोठ्या जाळीच्या घरात तर आपल्यालाच आत जाऊन चालता येतं. कुठलं जनावर कधी बघायला मिळेल, ते दर वेळी सारखं नसतं. दिसलं नाही तर हाका मारू नका, थोडं थांबा. लवकर बघून झालं म्हणणाऱ्याला कमीच दिसतं.

पेंग्विनकडे सगळ्यात जास्त गर्दी असते. हे पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले. आठ आणले होते, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. मार्च २०१७ पासून ते लोकांना बघायला मिळू लागले आणि पुढे इथेच त्यांची पिल्लंही झाली. हे हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. ते बर्फात राहत नाहीत, पण त्यांच्या समुद्राचं पाणी गार असतं, म्हणून इथे त्यांची खोली यंत्रानं सोळा ते अठरा अंशांवर थंड ठेवावी लागते.

एवढ्या लांबून आणून कोंडून ठेवणं बरोबर का, हा प्रश्न आमच्यातही निघाला. एकीचं म्हणणं पडलं की ते चूक आहे. दुसरी म्हणाली, मुलांनी प्राणी बघितलाच नाही तर तो वाचवावा असं त्यांना वाटेल कसं? प्राणिसंग्रहालयातच जन्मलेलं जनावर शिकार शिकलेलं नसतं, त्याला एकदम जंगलात सोडता येत नाही, हेही खरं. आम्ही निकाल दिला नाही. पण मुलांसमोर हे बोललो. बागेत नुसतं "अरे बघ, वाघ" म्हणून पुढे जाण्यापेक्षा ते बरं.

आता एक घोळ झाला तोही सांगतो. पेंग्विनच्या रांगेतून बाहेर आल्यावर एक सात वर्षांचा मुलगा दिसेना. पंधरा मिनिटं आमच्या जिवात जीव नव्हता. मुलांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आम्ही ठेवली होती आणि हरवलं तर प्रवेशद्वाराजवळ येऊन थांबायचं, हे सकाळी तीनदा घोकून घेतलं होतं. मुलगा तिथेच सापडला, एका सुरक्षारक्षकाजवळ उभा. पण त्या पंधरा मिनिटांत काय झालं बघा. सगळ्यांची तोंडं एकदम मुलाच्या आईकडे वळली. "तुझं लक्ष कुठे होतं?" आमच्यापैकीच एकीच्या तोंडून ते आधी बाहेर पडलं. ती बिचारी रडायलाच लागली. तिचं लक्ष पेंग्विनकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती कशाकडे तरी निवांत बघत होती.

तेव्हा तिचे मालक पुढे झाले. तक्त्याचा कागद त्यांच्याच खिशात होता. ते म्हणाले, "तिला काही बोलू नका. माझी पाळी होती." एवढंच. हे तेच, जे म्हणाले होते की आम्ही काय पोरं सांभाळायला येऊ. तक्ता केला नसता तर त्या दिवशीचं खापर तिच्यावरच फुटलं असतं आणि तिनं पुन्हा सहलीचं नाव काढलं नसतं.

आणि आमच्या काकू? काकू तरसाच्या समोर थांबल्या त्या थांबल्याच. काकूंचं माहेर मुरबाडकडचं. लहानपणी रात्री लांबून तरसाचा आवाज यायचा आणि घरचे म्हणायचे, बाहेर जाऊ नको, तरस उचलून नेईल. जन्मभर ज्याला घाबरल्या ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. फलकावर लिहिलं होतं ते नातवानं वाचून दाखवलं, की हे मेलेली जनावरं खाऊन रान साफ ठेवतं. काकू बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंच व्हय हे? हे तर आपल्यासारखंच, सगळ्यांनी टाकलेलं आवरणारं." त्यांच्या हातात पिशवी नव्हती.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाला जायचं असेल तर एवढं वहीत लिहून घ्या. सहलीचा डबा वेगळा ठेवा, बचतीला हात लावू नका. बुधवार टाळा, जमलं तर रविवारही टाळा. कुटुंबाचं तिकीट काढा. आधार कार्ड, मुलांच्या खिशात चिठ्ठी, पायात सपाट चप्पल, पर्समध्ये पॅड, गोळ्या चालू असतील तर गोळ्या. दारातून आत गेल्यावर आधी प्रसाधनगृह कुठे आहे ते बघून ठेवा, नाहीतर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि रात्री डोकं धरून बसतात. तीन-साडेतीन तास चालायचं असतं, गरोदर मैत्रिणीला आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला मधेमधे बसू द्या, पण त्यांना एकटं बसवून जाऊ नका. मुंबई लांब पडत असेल तर पुण्यात कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे, नागपूरला महाराजबाग आहे, संभाजीनगरला सिद्धार्थ उद्यान आहे. तिथेही हाच तक्ता चालेल. जत्रेला, लग्नाला, देवदर्शनाला गेलात तरी चालेल.

परत आल्यावरच्या बैठकीत वही पुन्हा फिरली. या वेळी आम्ही एका ओळीत उरकलं नाही. प्रत्येकीनं आपण काय बघितलं ते एकेक ओळ लिहिलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं त्यांच्या मुलींनी लिहिलं. बारा ओळी झाल्या. काकूंनी स्वतः लिहिलं, "तरस बघितलं." आणि खाली सही केली.

तुमच्या गटाच्या पुढच्या सहलीनंतर तुमच्या वहीत किती ओळी होतात, ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.